इमारतीचा जन्मभराचा कार्बन: मोजणी आणि कपात, योग्य क्रमाने

बहुतेक प्रकल्पांत कार्बनचा हिशेब, म्हणजे साहित्य बनवण्यापासून इमारत पाडेपर्यंत किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो याची मोजणी, शेवटी येतो. नकाशे मंजूर झालेले असतात, आरसीसीचं डिझाइन पक्कं असतं, ठेकेदार नेमलेला असतो, आणि मग कोणीतरी म्हणतं, बीओक्यू (कामाच्या परिमाणांची यादी) पाठवा, कार्बन काढून टाकू. तेव्हा निघणारा आकडा प्रमाणपत्राच्या कामाचा, इमारतीच्या नाही. कॉलममधलं अंतर, पार्किंगचे मजले, भिंतींचा प्रकार, स्लॅबची जाडी हे सगळं तोवर ठरून गेलेलं असतं.

दुसरी चूक याहून साधी. लोक आधी इंटरनेटवरून उत्सर्जन गुणांक (मालाच्या किलोमागे किती उत्सर्जन, तो आकडा) गोळा करतात आणि परिमाणं नंतर अंदाजाने भरतात. हिशेब खरा बिघडतो तो परिमाणांत, क्षेत्रफळात आणि एककांत. गुणांकावर वाद घालायला सगळ्यांना आवडतं. ब्रासचं घनमीटर तपासायला कोणालाच नाही.

पुढचा क्रम नेहमीच्या निवासी आरसीसी इमारतीसाठी आहे. आकडे समजावेत म्हणून एक काल्पनिक इमारत धरू: पुण्यातली स्टिल्ट (खांबांवरचा खुला पार्किंग मजला) अधिक सात मजल्यांची सोसायटी, २८ फ्लॅट, स्टिल्टसह एकूण बांधीव क्षेत्र ३,००० चौ.मी., आरसीसी काँक्रीट १,२०० घनमीटर, सळई १३० टन.

## टप्पा १: गणिताआधी कागद

हे हाती आल्याशिवाय एक्सेल उघडू नका:

- आर्किटेक्टचा क्षेत्रफळ तक्ता, मजलानिहाय
- आरसीसी कन्सल्टंटची काँक्रीटची परिमाणं, ग्रेडनुसार वेगळी
- बीबीएस (कोणती सळई किती लांबीची, याचा तक्ता), किंवा ते तयार नसेल तर घटकनिहाय सळईचा अंदाज
- आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटचं मिक्स डिझाइन: ओपीसी, फ्लाय अ‍ॅश, स्लॅग (अनुक्रमे साधं पोर्टलंड सिमेंट, औष्णिक केंद्राची राख, लोखंडाच्या भट्टीतली मळी) वेगवेगळे दाखवणारं
- भिंती, गिलावा, फरशी, खिडक्या, वॉटरप्रूफिंगची परिमाणं
- लिफ्ट, पंप, सोलर, जनरेटर यांची यादी

नकाशे अजून कच्चे असतील तर उत्तमच. त्या वेळी परिमाणं ढोबळ असतात, पण निर्णय हातात असतात. पहिली मोजणी संकल्पनेच्या टप्प्यावर, दुसरी निविदेआधी, तिसरी काम पूर्ण झाल्यावर. तिन्ही वेळा एकच तक्ता वापरा, नाहीतर तुलना होत नाही.

## टप्पा २: सीमा ठरवा आणि लिहून ठेवा

जगभर वापरली जाणारी मांडणी ईएन १५९७८ या युरोपीय मानकातली आहे. ती इमारतीच्या आयुष्याचे असे भाग पाडते:

- ए१ ते ए३: कच्चा माल, त्याची कारखान्यापर्यंतची वाहतूक, उत्पादन
- ए४: कारखान्यापासून साइटपर्यंत वाहतूक
- ए५: साइटवरचं काम, डिझेल, वीज, वाया गेलेला माल
- बी१ ते बी५: वापरातली गळती, देखभाल, दुरुस्ती, बदली, नूतनीकरण
- बी६ आणि बी७: वापरातली ऊर्जा आणि पाणी
- सी१ ते सी४: पाडकाम, वाहतूक, प्रक्रिया, विल्हेवाट
- डी: इमारत संपल्यावर मालाच्या पुनर्वापरातून इतरत्र होणारा फायदा

आरआयसीएस या ब्रिटिश संस्थेच्या २०२३ च्या सुधारित मार्गदर्शिकेतही हीच चौकट आहे, आणि प्रत्येक भागात काय धरायचं याचे तपशील तिच्यात जास्त आहेत.

आपल्याकडे ‘होल लाइफ’ असं शीर्षक देऊन फक्त ए१ ते ए३ आणि वीजबिल जोडलेले अहवाल सर्रास दिसतात. ती अर्धीच मोजणी. एखादा भाग सोडला असेल तर ‘धरलेला नाही’ असं लिहा, शून्य लिहू नका.

सावधान: डी हा भाग एकूण बेरजेत कधीही मिळवू नका. साठ वर्षांनंतर सळई भंगारात जाईल आणि तेव्हा कुठलं तरी उत्सर्जन टळेल, हे श्रेय आजच्या आकड्यातून वजा केलं की इमारत कागदावर फुकट हलकी होते. डी नेहमी वेगळ्या ओळीत.

## टप्पा ३: भाजक आणि वर्षं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. एकाच इमारतीचं एकच उत्सर्जन तीन क्षेत्रफळांनी भागता येतं: रेराचं कार्पेट (फ्लॅटच्या आतलं वापरातलं क्षेत्र), एफएसआयमध्ये (बांधकाम परवानगीच्या हिशेबात) धरलेलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष बांधलेलं क्षेत्र. जिने, लॉबी, पोडियम (इमारतीखालचा पसरट मजला) आणि पार्किंग यांचं काँक्रीट वर धरलं आणि भाजकात फक्त एफएसआयचं क्षेत्र घेतलं, तर आकडा फुगतो. उलट केलं तर तो आपोआप सुंदर दिसतो.

भाजक म्हणून प्रत्यक्ष बांधलेलं एकूण क्षेत्र घ्या आणि पार्किंगचा भाग वेगळा दाखवा. शिवाय प्रत्येक फ्लॅटमागचा आकडाही द्या. मोठमोठे फ्लॅट बांधले की चौरस मीटरमागचा आकडा बरा दिसतो, पण एका कुटुंबामागे काँक्रीट दुप्पट लागलेलं असतं.

अभ्यासाचा काळ ६० वर्षं धरण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तिशी-चाळिशीतच इमारती पुनर्विकासाला जातात, म्हणून ३० वर्षांचा दुसरा तक्ताही करावा असं माझं मत आहे. दोन पर्यायांची तुलना करताना मात्र वर्षं एकच हवीत.

तपासा: सगळी एककं मेट्रिकमध्ये आली का? वाळू, खडी, मुरूम ब्रासमध्ये येतात: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. गिलाव्याच्या बिलात मात्र तोच ब्रास १०० चौरस फूट, म्हणजे ९.२९ चौ.मी. असतो. सिमेंटची गोणी ५० किलोची. आणि ‘कार्बन’ व ‘कार्बन डायऑक्साइड’ यांत ३.६७ पटींचा फरक आहे. तुमचा गुणांक कोणत्या एककात आहे ते पाहा.

## टप्पा ४: परिमाणं

आधी पाया, कॉलम, बीम, स्लॅब, शिअर वॉल (भूकंप-वारा पेलणाऱ्या आरसीसी भिंती), जिने, टाक्या असे भाग पाडून काँक्रीट आणि सळई भरा. एकरकमी ‘आरसीसी’ अशी ओळ ठेवली तर पुढे कपात कुठे करायची ते दिसणार नाही.

मग लपलेलं सिमेंट शोधा: पीसीसी (सळईविना काँक्रीट), गिलावा, फरशीखालचा मॉर्टर, गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (वॉटरप्रूफिंगसाठी विटांच्या तुकड्यांचा थर), संडास-बाथरूमच्या सखल स्लॅबमधला भराव, कंपाउंड वॉल, आवारातले रस्ते. यातलं बरंचसं आरसीसी कन्सल्टंटच्या कागदात नसतं. गच्चीवर सरासरी १०० मिमी कोबा टाकला तर चौ.मी.ला सुमारे २०० किलो वजन पडतं. म्हणजे सिमेंट आणि विटा तर मोजायच्याच, शिवाय हे वजन उचलायला खालच्या स्लॅबमध्ये लागणारी सळईही त्याच्याच खात्यावर जाते.

साइटवर वाया जाणारा माल ए५ मध्ये वेगळा धरा. सळईचे तुकडे, फुटलेल्या फरशा, पंपाच्या पाइपात उरलेलं काँक्रीट ही सगळी त्यातलीच. ठेकेदाराच्या दरात वाया जाणारा माल आधीच धरलेला असतो; तेच परिमाण उचलून वर पुन्हा पाच टक्के लावले तर दुबार मोजणी होते.

तपासा: एकूण सळईला एकूण आरसीसी काँक्रीटने भागा. नेहमीच्या निवासी फ्रेममध्ये घनमीटरमागे साधारण ९० ते १४० किलो येतात. आपल्या उदाहरणात १०८. याच्या फार बाहेर गेलात तर आधी परिमाण तपासा, गुणांकाकडे नंतर वळा.

## टप्पा ५: आता गुणांक

पसंतीचा क्रम असा ठेवा: त्याच कारखान्याची त्रयस्थाकडून तपासलेली ईपीडी (मालाच्या पर्यावरणीय परिणामांचं जाहीर पत्रक), ती नसेल तर भारतीय सरासरी, तीही नसेल तर परदेशी माहितीसाठा. भारतीय सरासरीसाठी आयएफसीने (जागतिक बँक गटातल्या संस्थेने) २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला बांधकाम साहित्याचा माहितीसाठा आहे. ब्रिटनचा आयसीई माहितीसाठा सोयीचा वाटतो, पण तिथली वीज आणि तिथला पोलाद उद्योग वेगळा. तिथला सळईचा गुणांक भंगार वितळवणाऱ्या भट्टीचा असेल तर तो इथे उचलून चालणार नाही.

सिमेंट: ओपीसीसाठी किलोमागे साधारण ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड. यातला मोठा भाग, जवळपास साठ टक्के, चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. म्हणून सिमेंट कारखान्याने सौरऊर्जा घेतली तरी उत्सर्जन शून्याजवळ जात नाही, आणि म्हणूनच खरी कपात क्लिंकर (चुनखडी भाजून होणारे गोळे, जे दळून सिमेंट बनतं) कमी वापरण्यात आहे.

सळई: पोलाद मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सुमारे २.५ टन उत्सर्जन होतं. सळई जालन्याच्या इंडक्शन भट्टीतली असली म्हणजे ती आपोआप ‘रीसायकल’ ठरत नाही. त्या भट्टीत भंगार किती आणि कोळशावर बनलेलं स्पंज आयर्न किती, यावर सगळं ठरतं. पुरवठादाराला हे प्रमाण लेखी विचारा. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाचं वर्गीकरण जाहीर केलं. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच पोलाद हरित, १.६ च्या खाली पाच तारे, १.६ ते २.० चार तारे, २.० ते २.२ तीन तारे.

अ‍ॅल्युमिनियमचं वजन कमी, पण कोळशाच्या विजेवर बनलेल्या नव्या अ‍ॅल्युमिनियमला किलोमागे १५ ते २० किलोंची पातळी सहज गाठता येते. खिडक्या ‘किरकोळ’ म्हणून सोडू नका.

ईपीडी वाचताना चार गोष्टी पाहा: मुदत (सहसा पाच वर्षं), कोणत्या कारखान्याची, कोणत्या परिमाणासाठी, आणि कोणते भाग धरलेत. लाकडासाठी ‘एकूण’ आणि ‘जीवाश्म’ असे दोन आकडे असतात. लाकडात साठलेला कार्बन ए मध्ये वजा केला तर सी मध्ये तो परत मिळवावाच लागतो.

उदाहरणात घनमीटरमागे ३६० किलो निव्वळ ओपीसी आणि ०.९ गुणांक धरू: ३२४ किलो. १,२०० घनमीटरचे ३८९ टन. सळई १३० टन गुणिले २.५, म्हणजे ३२५ टन. दोन्ही मिळून ७१४ टन, चौ.मी.मागे २३८ किलो. खडी, वाळू, भिंती, फिनिशिंग अजून यायचंय.

सावधान: पीपीसीच्या (राख मिसळूनच विकल्या जाणाऱ्या सिमेंटच्या) गुणांकात फ्लाय अ‍ॅश आधीच धरलेली असते. पीपीसीचा गुणांक घेऊन वर पुन्हा फ्लाय अ‍ॅशची सूट घेऊ नका. आरएमसी प्लांट सहसा ओपीसी घेऊन फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग स्वतः मिसळतात, म्हणून घटक सुटे मोजणं जास्त सुरक्षित.

## टप्पा ६: वाहतूक आणि साइट

टन गुणिले किलोमीटर गुणिले गुणांक. ट्रकसाठी टन-किमीला ०.१ किलो हा ढोबळ आकडा सुरुवातीला चालतो. परतीची रिकामी फेरी त्यात आहे का ते बघा. आपल्या इमारतीचं ४३२ टन सिमेंट ७०० किमीवरून ट्रकने आलं तर ३० टन. रेल्वेने आलं तर बरंच कमी. काँक्रीटचा तयार गुणांक घेतला असेल तर सिमेंटचा प्लांटपर्यंतचा प्रवास त्यातच असतो. घटक सुटे मोजले असतील तर तो तुम्हालाच धरावा लागेल.

साइटवरचं डिझेल लिटरमागे २.७ किलो. पुण्यात बेसाल्ट उथळ लागतो. पाया त्याने सोपा होतो, पण बेसमेंट खोदायचं म्हटलं की ब्रेकर आणि ब्लास्टिंगचं डिझेल वाढतं. मुंबईत भरावाच्या जमिनीवर पाइल लागतात आणि पायाचं काँक्रीटच वाढतं. एका शहरातला चौ.मी.चा आकडा दुसऱ्या शहरात लावू नये, त्याचं हेही एक कारण.

## टप्पा ७: वापराची वर्षं

वीज आधी. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा गुणांक जाहीर करतं. अलीकडे तो युनिटमागे सुमारे ०.७२ किलो आहे. दर फ्लॅटला महिन्याला २०० युनिट, सामाईक लिफ्ट-पंप-दिव्यांना वर्षाला ३०,००० युनिट धरले तर वर्षाला ९७,२०० युनिट, म्हणजे ७० टन. साठ वर्षांचे ४,२०० टन.

इथेच बहुतेकांची गाडी घसरते. ४,२०० पुढे ७१४ किरकोळ वाटतात आणि निष्कर्ष निघतो की सिमेंट-सळई सोडा, एलईडी लावा. पण साठ वर्षं ग्रिड आजच्याइतकाच काळा राहील हे गृहीतक कोणी मुद्दाम घेतलेलं नसतं, ते आपोआप घेतलं गेलेलं असतं. ग्रिडचा सरासरी गुणांक त्या काळात निम्म्यावर आला तर हेच २,१०० टन होतात. ७१४ टन मात्र ताबा मिळण्याआधीच हवेत गेलेले असतात. नंतरचं कोणतंही धोरण ते परत आणू शकत नाही. म्हणून दोन्ही तक्ते द्या: स्थिर ग्रिडचा आणि सुधारत्या ग्रिडचा. कोणता गृहीत धरला हे पहिल्या पानावर लिहा.

बदलीची मोजणी सोपी आहे. ६० ला त्या वस्तूच्या आयुष्याने भागा, वरच्या पूर्णांकात आणा, एक वजा करा. वॉटरप्रूफिंग २५ वर्षं टिकतं असं धरलं तर दोनदा बदली. रंग सहा वर्षांनी तर नऊ वेळा. लिफ्ट, खिडक्या, फरशी, सोलरचे इन्व्हर्टर यांचंही असंच.

आणि एसीचा गॅस. २८ फ्लॅटमध्ये प्रत्येकी दोन एसी, प्रत्येकात सुमारे १ किलो गॅस: ५६ किलो. तो पूर्ण गॅस एकदा सुटला तर आर-३२ साठी (तापमानवाढ क्षमता ६७५, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट) ३८ टन, आर-४१०ए साठी (२,०८८) ११७ टन. आयुष्यात एसी तीन-चार वेळा बदलतात, आणि जुना काढताना गॅस परत गोळा करणारा मेकॅनिक दुर्मीळ. तरीही बी१ ही ओळ बहुतेक तक्त्यांत कोरी असते.

तपासा: स्वयंपाकाचा गॅस धरला का? १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे सुमारे ४२ किलो होतात. इमारतीच्या यंत्रणेत तो बसत नाही म्हणून सोडायचा असेल तर तसं लिहा.

## टप्पा ८: शेवटाचा हिशेब, थोडक्यात

पाडकाम, राडारोडा वाहतूक आणि विल्हेवाट याचा वाटा तुलनेने लहान. मानक गृहीतकं वापरा आणि पुढे जा. एक अपवाद: पुनर्विकासात जुनी इमारत पाडली जाते ते उत्सर्जन नव्या प्रकल्पाच्या ए५ मध्ये यायला हवं. ते कोणाच्याच खात्यावर न टाकण्याची पद्धत पडली आहे.

## टप्पा ९: कपात, मोठ्यापासून लहानाकडे

क्रम महत्त्वाचा. खालच्या पायरीवरची कपात करून वरची सोडली तर मेहनत फुकट.

पाडायचं का? जुन्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल आधी नीट वाचा. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तिथे प्रश्नच मिटतो. पण सी-२बी किंवा सी-३ मध्ये दुरुस्ती शक्य असते, आणि जॅकेटिंगला (जुन्या कॉलमभोवती नवा थर द्यायला) लागणारं काँक्रीट नव्या इमारतीपुढे नगण्य. (ही महापालिकेची वर्गवारी, आपल्या तक्त्यातल्या सी१ शी तिचा संबंध नाही. अहवालात दोन्ही एकत्र आले की गफलत होते.) तुलना करताना एकूण टन पाहा. पुनर्विकासात क्षेत्र दुप्पट-तिप्पट होतं, त्यामुळे फक्त चौ.मी.मागचा आकडा दाखवला की पाडणं नेहमी स्वस्त दिसतं.

पार्किंग. बेसमेंट, पोडियम आणि त्यावरचा ट्रान्स्फर स्लॅब (वरच्या कॉलमचं वजन खालच्या कॉलमकडे वळवणारा) हे काँक्रीटचं सर्वांत मोठं भगदाड. वरचे कॉलम पार्किंगच्या ओळीत बसत नाहीत म्हणून दीड-दोन मीटर खोल बीम घातले जातात. आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट यांनी पहिल्याच आठवड्यात एकत्र बसून कॉलम सरळ खाली उतरवले, तर जी बचत होते ती पुढे कुठल्याही मिक्स डिझाइनने होणार नाही. नियमापेक्षा जास्त पार्किंग द्यायचा मोह आवरा.

स्लॅब आणि स्पॅन. सगळीकडे सरसकट १५० मिमी स्लॅब टाकायची सवय आहे. साडेतीन-चार मीटरच्या स्पॅनला १२५ मिमी बहुधा पुरतो, आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार तेवढ्या जाडीला दोन तासांची अग्निरोधकताही मिळते. २,४०० चौ.मी. स्लॅबवर २५ मिमी वाचले तर ६० घनमीटर काँक्रीट, वरच्या मिक्सनुसार १९ टन. शिवाय सगळ्या कॉलम-पायांवरचं वजन कमी. निर्णय कन्सल्टंटचाच, पण प्रश्न तुम्ही विचारायला हवा. सखल स्लॅबची खोली आणि कोब्याची जाडी यांचाही याच बैठकीत निकाल लावा.

मिवान (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब ओतण्याची पद्धत) की ब्लॉक? अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कने काम झपाट्याने होतं, गिलावा जवळपास वाचतो. पण सगळ्या भिंती आरसीसीच्या झाल्याने काँक्रीट आणि सळई वाढते. शिवाय १५० मिमी आरसीसी भिंतीतून उष्णता चौ.मी.ला प्रति अंश साडेतीन ते चार वॅट दराने आत येते. गिलाव्यासह २०० मिमी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमधून एक वॅटच्या आत. म्हणजे ए मध्ये वाढ आणि बी६ मध्ये एसीचं बिल, दोन्ही. इको निवास संहितेची (घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमांची) भिंती-खिडक्यांसाठी १५ वॅट प्रति चौ.मी. ही मर्यादा अशा भिंतींना छज्जे आणि लहान खिडक्यांशिवाय गाठणं अवघड. उंच टॉवरमध्ये भूकंप-वाऱ्यासाठी शिअर वॉल लागतातच, तिथे गणित बदलतं. सात मजल्यांना मिवान मला पटत नाही.

भिंतींची तुलना किलोमागे करू नका, पूर्ण झालेल्या एक चौ.मी. भिंतीची करा: ब्लॉक, जोड, दोन्ही बाजूंचा गिलावा धरून. एएसी हलका असतो, पण भिंतीचं कमी झालेलं वजन कन्सल्टंटने डिझाइनमध्ये घेतलं तरच सळई वाचते. नागपूर, चंद्रपूर, भुसावळ, नाशिक, परळीच्या आसपास औष्णिक केंद्रांमुळे फ्लाय अ‍ॅशच्या विटा जवळच मिळतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे चिरे भाजावे लागत नाहीत, फक्त कापावे लागतात; बैठ्या घरांना तेच घ्या.

काँक्रीटचं मिक्स. ओपीसीऐवजी ३० टक्के फ्लाय अ‍ॅश घेतली तर उदाहरणात घनमीटरमागे २५२ किलो ओपीसी, २२७ किलो उत्सर्जन. एकूण बचत ११७ टन. (आर-४१०ए चा गॅस एकदा सुटला तर जेवढं जातं तेवढंच.) समुद्रकिनारी स्लॅग अधिक चांगला, क्लोराइडपासून सळईचं रक्षणही होतं, आणि आयएस ४५५ मध्ये स्लॅगचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. भाजलेली माती आणि चुनखडी वापरणाऱ्या एलसी३ सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक २०२३ मध्ये आलं आहे. तुमच्या भागात पुरवठा असेल तर जरूर विचारा.

सावधान: अशा मिक्सला ताकद उशिरा येते. आयएस ४५६ प्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्रित सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग, आणि कोरड्या उष्ण हवेत १४ दिवस. मे महिन्यात सोलापुरात हा नियम शब्दशः पाळा. मुकादमाने जुन्या सवयीने सेंट्रिंग सोडलं तर स्लॅब लोंबतो, दोष फ्लाय अ‍ॅशवर येतो आणि पुढचा प्रकल्प पुन्हा ओपीसीवर जातो. पोस्ट-टेन्शन (नंतर तारा ताणलेल्या) स्लॅबसारख्या, लवकर ताकद लागणाऱ्या भागांसाठी वेगळं मिक्स ठेवा. पाया आणि राफ्टमध्ये फ्लाय अ‍ॅश-स्लॅगचं प्रमाण वाढवा.

सळई. २.५ च्या जागी २.० टनांची चार तारांकित सळई मिळाली तर ६५ टन वाचतात. मिळाली नाही तरी कट-अँड-बेंड (मापात कापून-वाकवून येणारी) सळई घेऊन तुकडे कमी करता येतात.

छत आणि सोलर. महाराष्ट्रात १ किलोवॉट सोलर वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. २० किलोवॉटसाठी सुमारे २०० चौ.मी. मोकळी, सावली नसलेली गच्ची लागेल; वर्षाला आजच्या ग्रिडनुसार २० टन टळतात. सोलरसाठी गच्ची राखून ठेवायची तर पाण्याच्या टाक्या आणि लिफ्ट रूम उत्तरेकडे घ्या. हे नकाशातच ठरतं.

## टप्पा १०: निविदेत आकडा, साइटवर कागद

‘शक्यतो कमी कार्बनचं काँक्रीट वापरावं’ हे वाक्य निविदेत निरुपयोगी. असं लिहा: एम३० ग्रेडच्या काँक्रीटसाठी ए१ ते ए३ मध्ये घनमीटरमागे कमाल अमुक किलो, ओपीसी कमाल अमुक, कन्सल्टंटने मान्य केलेल्या घटकांसाठी ५६ दिवसांची ताकद ग्राह्य. आयएस ४५६ मधलं किमान सिमेंट (मध्यम परिस्थितीत आरसीसीला ३००, तीव्र परिस्थितीत ३२० किलो) मोजताना मर्यादेतली फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग धरता येते, हेही लिहा. नाहीतर साइट इंजिनिअर तेवढं निव्वळ ओपीसी मागतो. पीसीसीसारख्या दुय्यम कामांत आयएस ३८३ च्या मर्यादेत राडारोड्यापासूनची खडी चालेल, अशीही ओळ टाका.

साइटवर तीन कागद जपा: प्रत्येक ट्रान्झिट मिक्सरची बॅच स्लिप, सळईचं मिल टेस्ट प्रमाणपत्र, आणि डिझेल-विजेची नोंदवही. महिन्याला एकदा बॅच स्लिपमधल्या ओपीसीची बेरीज मंजूर मिक्सशी ताडून पाहा. पावसाळ्यात किंवा घाईच्या स्लॅबला प्लांट गुपचूप ओपीसी वाढवतो. नमुन्याच्या क्यूबमध्ये ते दिसत नाही, स्लिपमध्ये दिसतं.

काम संपल्यावर तिसरी मोजणी बिलांवरून करा, डिझाइनवरून नाही. निविदेच्या मोजणीपेक्षा फरक कोणत्या घटकात पडला ते ओळीनिहाय लिहा. ताबा देताना सोसायटीच्या फाईलमध्ये हा तक्ता, मंजूर मिक्स डिझाइन, आरसीसीचे प्रत्यक्ष काम दाखवणारे नकाशे आणि एसीच्या गॅसची नोंदवही ठेवा. तीस वर्षांनी ऑडिट करणारा इंजिनिअर हेच नकाशे आधी मागेल, आणि ते नसले तर दुरुस्तीऐवजी पाडण्याचा सल्ला देणं त्याला सोपं जाईल.